हे किती दिवस पुरलं? वाणसामानाच्या यादीतून घरचा आहार मोजायची आणि सुधारायची रीत

नवऱ्याच्या रक्ततपासणीचा कागद बघून डॉक्टरांनी त्याला काही विचारलं नाही, मला विचारलं, "घरात महिन्याला तेल किती लागतं?" मी लगेच सांगितलं, पाच लिटरचा एक कॅन. "माणसं किती?" पाच. त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला भागाकार केला : ५००० भागिले ५, भागिले ३०. माणशी रोज ३३ मिली. मग विचारलं, "तूप? फरसाण? बाहेरचं खाणं?" तिथं मी गप्प झाले. कॅन किती दिवसांनी आणते ते मला पाठ होतं. तो कोणाच्या पोटात किती जातो, याचा विचार मी वीस वर्षांच्या संसारात एकदाही केला नव्हता.

त्या दिवसापासून वाणसामानाची वही मी वेगळ्या नजरेनं लिहायला लागले. आज दोन वर्षं झाली. आपण काय खातो हे सांगणारा सगळ्यात प्रामाणिक कागद म्हणजे किराण्याची यादी, असं माझं आता ठाम मत आहे. "काल काय जेवलात?" या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस नकळत बिस्किटं विसरतो, चहातली साखर विसरतो. यादी विसरत नाही. शिवाय प्रत्येक घासाची नोंद फोनमध्ये ठेवायला पाच माणसांच्या घरात कोणाला वेळ आहे? पिशवी एकदाच घरात येते, तिची नोंद करणं जमतं.

आपलं सरकारही हेच करतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं घरगुती खर्चाचं सर्वेक्षण घरोघर जाऊन अमुक वस्तू किती आणली, किती वापरली हे विचारतं. भाजी, फळं, अंडी यांसाठी मागचे ७ दिवस आणि धान्य-डाळींसाठी मागचे ३० दिवस. आपणही हाच हिशेब ठेवायचा : ओला माल आठवड्यानं, कोरडा माल महिन्यानं. याच सर्वेक्षणात २०२२-२३ मध्ये एक गोष्ट दिसली. शहरी घरांच्या एकूण खर्चातला १०.६४ टक्के वाटा पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांवर गेला होता. खाण्याच्या कुठल्याही दुसऱ्या एका गटावर एवढा खर्च नव्हता. आपल्या घरात हा वाटा किती, ते आपली वहीच सांगेल.

आधी माणसं मोजा

पाच माणसं म्हणून पाचने भागणं चुकीचं आहे. आठ वर्षांची मुलगी आणि तिचा बाप सारखं जेवत नाहीत. आहारशास्त्रात यासाठी जुनी, सोपी रीत आहे. बैठं काम करणारा प्रौढ पुरुष म्हणजे १ एकक. त्या हिशेबात बैठं काम करणारी बाई ०.८, मध्यम कष्टाची बाई ०.९, शेतात किंवा बांधकामावर राबणारी १.२. मध्यम कष्टाचा पुरुष १.२, जड कष्टाचा १.६. मुलं १२ वर्षांच्या पुढं धरायची १, ९ ते १२ ची ०.८, ७ ते ९ ची ०.७, ५ ते ७ ची ०.६, ३ ते ५ ची ०.५ आणि त्याहून लहान, १ ते ३ ची ०.४.

आमच्या घरात नवरा १, मी ०.८, सासूबाई ०.८, चौदा वर्षांचा मुलगा १ आणि आठ वर्षांची मुलगी ०.७. बेरीज ४.३. महिन्याचे ३० दिवस धरले तर १२९ एकक-दिवस. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढं सगळीकडं तोच लागतो. घरात पाहुणे आठ दिवस राहिले तर त्यांचे दिवस मिळवा, मुलं मामाकडं गेली तर वजा करा. एकदोन जेवणांसाठी ही कसरत करू नका.

रुपये नको, वजन लिहा

माझी पहिली चूक इथंच झाली. सुरुवातीचे दोन महिने मी खर्चाचे आकडे मांडले आणि त्यातून काहीच कळेना. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या पुढं गेला होता, आठवत असेल. रुपयांच्या हिशेबानं त्या महिन्यात प्रत्येक घरानं भरपूर भाजी खाल्ली असंच दिसलं असतं, खरं तर आपण टोमॅटोऐवजी चिंच-आमसूल घालत होतो. रेशनचं तर विचारूच नका. प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. रुपयांच्या वहीत त्याची नोंद शून्य, आणि ताटात मात्र माणशी रोज १६७ ग्रॅम. गावाकडून आलेलं ज्वारीचं पोतं, मावशीनं दिलेला गूळ, परसातला शेवगा, यांचंही तसंच. पैसे लिहायचे तर शेवटच्या रकान्यात लिहा. मुख्य रकाना वजनाचा.

वजन लिहिताना पाकीट वाचा. एक लिटर खाद्यतेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, किलो नव्हे. आणि आता सगळ्या पिशव्या लिटरच्या किंवा किलोच्या राहिल्या नाहीत. शेजारी शेजारी ठेवलेल्या, सारख्याच दिसणाऱ्या दोन पिशव्यांत वेगवेगळं वजन असतं. सवयीनं "एक पिशवी" लिहिलंत तर हिशेब तिथंच फसतो.

माहिती कुठून गोळा करायची

छापील बिलाचा घरी आल्या आल्या फोटो काढा. तो कागद उन्हानं, उष्णतेनं पुसट होतो आणि महिन्याभरात कोरा दिसायला लागतो. मोठ्या दुकानांच्या बिलावर बहुतेकदा मालाच्या नावासोबत एक आकडा असतो, एचएसएन कोड. तो कर भरण्यासाठी असतो, पण आपल्याला आयतं वर्गीकरण मिळतं. पहिले दोन अंक बघायचे. ०४ म्हणजे दूधदुभतं, ०८ म्हणजे फळं आणि सुकामेवा, १० म्हणजे धान्य, ११ म्हणजे पीठ-रवा, १५ म्हणजे खाद्यतेल (तूप मात्र ०४ मध्येच येतं), १७ म्हणजे साखर-गूळ. ०७ म्हणजे भाज्या, पण डाळी-कडधान्यंही त्यातच, ०७१३ ने सुरू होतात. आणि १९, २० किंवा २१ ने सुरू होणाऱ्या ओळी नीट बघा. बिस्किटं, पाव, शेवया-नूडल्स १९ मध्ये, बटाट्याचे वेफर्स, जॅम, लोणची २० मध्ये, फरसाण-नमकीन आणि तयार मिश्रणं २१ मध्ये येतात. बिल हातात घेऊन या तीन आकड्यांच्या ओळींवर लाल पेन फिरवलं, तरी निम्मं चित्र उभं राहतं. पहिल्यांदा फिरवलं तेव्हा बावीस ओळींपैकी नऊ लाल झाल्या होत्या. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या चिठ्ठीवर असा कोड नसतो, तिथं आपल्या हातानंच गट लिहायचा.

घरपोच सामान मागवणाऱ्यांचं काम सोपं आहे, ॲपमध्ये जुन्या ऑर्डरी सगळ्या राहतात. त्यात वस्तूंबरोबर वेळही बघा. आमच्या घरी महिन्याची मोठी यादी शहाणपणाची निघाली. घोटाळा होता रात्री नऊनंतर दहा मिनिटांत येणाऱ्या छोट्या ऑर्डरींत. आइस्क्रीम, वेफर्स, बिस्किटं, पुन्हा वेफर्स. मुलाची परीक्षा असली की त्या वाढत होत्या. ते वेळेसकट समोर आलं म्हणून मला कळलं की प्रश्न चटकेचा नव्हता, भुकेचा होता. साडेसातला जेवून अकरापर्यंत जागणाऱ्या पोराला साडेनऊला काहीतरी लागणारच. आता त्या वेळेला दूध आणि चिक्की, नाहीतर उकडलेली अंडी असतात.

भाजीवाल्याकडून बिल मिळत नाही. यूपीआयच्या नोंदीत तारीख आणि रक्कम सापडते, माल नाही. म्हणून आठवडी बाजारातून आलं की पिशवी रिकामी करण्याआधी तोला : पालेभाजी एकदा, बाकीची भाजी एकदा, कांदे-बटाटे वेगळे. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरतो. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे.

आणि धान्य? ज्या घरात वर्षाचे गहू-ज्वारी एकदम भरतात, तिथं मेमध्ये दोन क्विंटल धान्य दिसेल आणि पुढचे अकरा महिने शून्य. यावर उपाय म्हणजे दळण मोजायचं. गिरणीत डबा तोलला जातोच. किती किलोचं दळण, कशाचं, कोणत्या तारखेला, एवढं लिहिलं की पोळी-भाकरीचा हिशेब चोख राहतो. तांदूळ, पोहे, रवा, साबुदाणा महिन्याच्या यादीतून घ्या. दुधाची नोंद रतिबाच्या कार्डावर असतेच.

तूप मोजताना एक काळजी घ्या. घरच्या सायीचं लोणी कढवून तूप करत असाल तर ते तेल-तुपात पुन्हा धरू नका, ते दुधात आधीच मोजलं गेलं आहे. विकतचं तूप तेवढं धरा.

पुरण्याचा हिशेब

ज्यांना वही, तक्ते, बेरजा नकोच वाटतात, त्यांनी फक्त एवढंच करावं. आपल्या घरांत "हे किती दिवस पुरलं?" असं बायका पूर्वीपासून विचारत आल्या आहेत. हा प्रश्न आहाराचाच आहे, आपण तो काटकसरीचा समजत आलो.

मिठाची पिशवी फोडली की तिच्यावर मार्करनं तारीख लिहा. संपली की दिवस मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे प्रौढ माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. आमच्या ४.३ एककांना दिवसाला साडेएकवीस ग्रॅम. म्हणजे किलोची पिशवी निदान ४६ दिवस पुरली पाहिजे. पापड, लोणची, फरसाण यांतलं मीठ धरलं तर त्याहूनही जास्त. आमची पहिली पिशवी ३१ दिवसांत संपली, म्हणजे माणशी (इथून पुढं माणशी म्हणजे दर एककामागे) रोज साडेसात ग्रॅम. भाज्या धुवायला किंवा गुळण्या करायला मीठ घेत असाल तर त्याची वेगळी छोटी पिशवी ठेवा, नाहीतर आकडा उगीच फुगतो.

तेलाचंही असंच. खाली दिलेल्या मार्गदर्शिकेप्रमाणे दर एककाला रोज २७ ग्रॅम तेल-तूप धरलं तर ४.३ एककांना दिवसाला ११६ ग्रॅम, म्हणजे लिटरची पिशवी आठ दिवस. तूप खात असाल तर नऊ-दहा दिवस पुरायला हवी. आमच्याकडं पिशव्यांवर तारखा घालायचं काम मुलीनं घेतलं आहे. एखादी पिशवी सहाव्या दिवशीच संपली तर तीच ओरडून सांगते.

कशाशी ताडून बघायचं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीयांसाठीची आहार मार्गदर्शिका २०२४ मध्ये नव्यानं काढली. तिच्यातल्या दिवसभराच्या ताटात, २००० कॅलरींसाठी, कच्च्या मालाची वजनं दिली आहेत. आमच्या १२९ एकक-दिवसांना गुणून महिन्याचा आकडा मी समोर लिहिला आहे. तुम्ही तुमच्या आकड्यानं गुणा.

धान्य २५० ग्रॅम : महिना ३२ किलो
डाळी-कडधान्यं, अंडी, मांस-मासे मिळून ८५ ग्रॅम : ११ किलो
दूध-दही ३०० मिली : ३९ लिटर
भाज्या ४०० ग्रॅम : सुमारे ५२ किलो
फळं १०० ग्रॅम : १३ किलो
दाणे, तीळ, सुकामेवा ३५ ग्रॅम : साडेचार किलो
तेल-तूप २७ ग्रॅम : साडेतीन किलो

साखरेसाठी मी जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक घेते. एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, शक्यतो पाच टक्क्यांच्या आत. २००० कॅलरींना ते अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. साखर, गूळ, मध सगळं यात धरायचं. भाज्यांच्या हिशेबात बटाटा धरायचा नाही.

हे आकडे म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी नव्हे. घरात मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदर बाई असेल तर डाळ, मीठ, दूध यांत बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा. विशेषतः मूत्रपिंडाच्या रुग्णानं प्रथिनं आणि कमी सोडियमचं मीठ आपल्या मनानं सुरू करू नये.

आमच्या पहिल्या तीन महिन्यांची सरासरी अशी आली. धान्य ३१ किलो, माणशी २४० ग्रॅम, म्हणजे बेताचं. दूध रोज दीड लिटर, पुरेसं. दाणे-तीळ-जवस-कारळं मिळून अडीच किलो, १९ ग्रॅम. आपल्याकडं भाजी-कोशिंबिरीत कूट आणि जेवणात चटण्या असतात म्हणून हा आकडा निदान एवढा तरी निघाला. साखर-गूळ ४ किलो, ३१ ग्रॅम, आणि त्यात बिस्किटांतली साखर नाहीच. तेल पाच लिटर म्हणजे ४.५५ किलो, अधिक तूप एक किलो, माणशी ४३ ग्रॅम. डॉक्टरांच्या भागाकारात ३३ मिली दिसलं होतं. मुलांचं वय आणि तूप धरल्यावर ते एवढं वर गेलं.

मला धक्का बसला तो डाळीच्या आकड्यानं. "आमच्याकडं रोज वरण असतं" हे मी अभिमानानं सांगत असे. तूर, मूग, मटकी, चवळी आणि बेसनसुद्धा धरून महिन्याला ५ किलो निघालं, आणि मुलांसाठी आणलेली चोवीस अंडी. सगळं मिळून माणशी ४८ ग्रॅम, ८५ च्या निम्म्याहून थोडंच जास्त. रोज वरण होतं, पण ते पातळ होतं.

भाजी आठवड्याला सहा किलो, म्हणजे माणशी २०० ग्रॅम. तेही निवडण्याआधीचं. मेथीची एक भलीमोठी जुडी मी एकदा काट्यावर ठेवली, ४२० ग्रॅम. सासूबाई निवडायला बसल्या, मुळं, मातीची देठं, पिवळी पानं बाजूला काढली आणि उरलेली पानं पुन्हा तोलली तर २१० ग्रॅम. त्या बघतच राहिल्या. "अगं, ताटात ढीग दिसतोय, अन् निम्मीच की ही!" पाच माणसांत २१० ग्रॅम मेथी, आणि आपण म्हणतो आज पालेभाजी झाली. मटाराच्या शेंगांत, मक्याच्या कणसातही असंच बरंच जातं. म्हणून भाजीच्या खरेदीत थोडी सूट धरूनच चाला.

पाकिटातलं मीठ-साखर

लाल पेनाच्या ओळींकडं परत या. पाकिटाच्या मागं १०० ग्रॅममागे साखर आणि सोडियम किती ते छापलेलं असतं. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ. समजा फरसाणाच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे, तर ते २ ग्रॅम मीठ झालं, आणि ४०० ग्रॅमच्या पाकिटात ८ ग्रॅम. बिस्किटाच्या पुड्यावर १०० ग्रॅमला २५ ग्रॅम साखर असेल तर महिन्याचे दोन किलो पुडे म्हणजे अर्धा किलो साखर, जी साखरेच्या डब्यात कधी दिसलीच नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, पहिली तीन नावं वाचली तरी पुरे. "मल्टिग्रेन" लिहिलेल्या पाकिटात पहिलं नाव मैद्याचं असेल तर ते धान्याच्या गटात न धरता लाल गटातच राहू द्या.

एका वेळी एकच ओळ बदला

इथं घाई केली की घर बिथरतं. मी पहिल्याच महिन्यात फरसाण बंद, साखर निम्मी, पांढरा भात बंद असं सगळं जाहीर केलं होतं. तिसऱ्या आठवड्यात नवरा कार्यालयातून येताना वडापाव खाऊन यायला लागला, आणि तो माझ्या वहीत येत नव्हता. म्हणून आता तीन महिन्यांत एक वाढवायची आणि एक कमी करायची वस्तू ठरवते. आधी वाढवायची. पोट डाळ-भाजीनं भरलं की फरसाणाच्या बरणीकडं हात आपोआप कमी जातो.

डाळीपासून सुरुवात केली. महिन्याला अडीच किलो जास्त आणायची म्हणजे रोज ८३ ग्रॅम, आमच्या घरातली एक छोटी वाटी, आणि ती पाच जणांत. त्यासाठी वेगळा पदार्थ शिकावा लागला नाही. पंधरा किलो गव्हाच्या दळणात दीड किलो हरभरे टाकले. पोळीचा रंग किंचित बदलला, चव कोणाला जाणवली नाही. उरलेलं एक किलो मेथीत मूगडाळ, दुधीत हरभराडाळ आणि आठवड्यातून दोनदा मोड आलेल्या कडधान्याची उसळ यांत गेलं. वरण घट्ट झालं ते सासूबाईंना सगळ्यात जास्त आवडलं.

तेलाचा पाच लिटरचा कॅन आणणं बंद केलं. भरलेल्या कॅनमधून हात सैल सुटतो. लिटरच्या चार पिशव्या आणायच्या, आठवड्याला ९०० मिली किटलीत भरायचं आणि फोडणीला किटली न वाकवता चमच्यानं घ्यायचं. भजी-पुऱ्या बंद केलेल्या नाहीत, त्या आठवड्यात किटली लवकर रिकामी होते आणि पुढच्या दोन दिवसांत भाज्या बिनतेलाच्या वाफेवर होतात. तळून उरलेलं तेल टाकलं तर ते मोजून वजा करा, ते पोटात गेलेलं नाही.

भाजीसाठी आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा बाजार केला. एकाच दिवशी बारा किलो भाजी आणली तर अर्धी फ्रीजमध्ये मऊ पडते, आणि टाकलेल्या भाजीचा हिशेब ठेवला नाही तर वही तुम्हाला खोटं समाधान देते. मी ओट्याखाली एक छोटी बादली ठेवली आहे. निवडताना निघालेलं त्यात नाही, फक्त नासून टाकलेलं. रविवारी तोलायचं आणि त्या आठवड्याच्या भाजीतून वजा करायचं.

वही काय सांगत नाही

बाहेरचं खाणं. त्याचं वजन करत बसू नका, फक्त वेळा मोजा. कॅलेंडरवर टिंब द्या, माणशी एक. महिन्यात किती टिंबं झाली एवढं पुरतं.

सण. दिवाळीच्या फराळाचं तेल, तूप, साखर एकाच महिन्यात येतं आणि खाल्लं जातं सगळ्या आळीत. उन्हाळ्यात कुरडया-पापडांचं मीठ आणि लोणच्याचं तेल वर्षभरासाठी घेतलेलं असतं. श्रावणात, चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद झालं की भाजीची घडी बदलते. म्हणून एका महिन्यावरून निष्कर्ष नको. तीन महिन्यांची सरासरी घ्या आणि तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. फराळाचं सामान मी वेगळ्या पानावर लिहिते आणि वाटलेले डबे त्यातून वजा करते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट : घरात काय आलं ते वही सांगते, कोणाच्या ताटात काय पडलं ते सांगत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. या सगळ्या काही उपाशी घरांतल्या बायका नाहीत. घरात पालेभाजी येते, कढईच्या तळाशी उरते ती तिची. उसळ पुरली नाही तर ती लोणचं-पोळी खाते आणि कोणाला सांगत नाही. म्हणून वर्षातून दोनदा, एक-एक आठवडा, मी फक्त माझं आणि सासूबाईंचं ताट लिहिते. वाटीनं, अंदाजानं का होईना. पहिल्या आठवड्यात सात जेवणांत आम्हा दोघींच्या वाटणीला उसळ एकदाच आली होती, आणि तीही त्यांनी मला वाढली होती. तेव्हापासून भाजी-उसळ कढईतून न वाढता पाच वाट्यांत आधी भरून मग ताटं मांडतो.

आत्ताचे आकडे असे आहेत. डाळ-अंडी ६७ ग्रॅम. तेल चार लिटर आणि तूप पाऊण किलो, मिळून ३४ ग्रॅम. भाजी २९५. मिठाची पिशवी ३८ दिवसांवर आली आहे. फळं मात्र ४६ वरून जेमतेम ६२ वर गेली, कारण ती महाग पडतात. पुढच्या तीन महिन्यांसाठी पेरू, केळी, बोरं, चिकू असं त्या त्या हंगामातलं स्वस्त फळ बाजारातून आणायचं, आणि त्याचे पैसे रात्रीच्या छोट्या ऑर्डरी बंद झाल्यानं वाचलेल्या रकमेतून काढायचे, असं ठरवलं आहे. ओट्यावरच्या मिठाच्या पिशवीवर मुलीनं तारीख घातली आहे, आणि खाली बारीक अक्षरात लिहून ठेवलं आहे : "४६ दिवस".